शिस्तीचा कार्निव्हाल : ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील पाडवायात्रा

ख्रिस्ती पंचांगात ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा जो उपवासकाळ येतो, त्याच्या आरंभीच्या राखेच्या बुधवाराआधी खाण्यापिण्याची, नाचगाण्याची आणि थट्टामस्करीची हौस पुरवून घेण्याचा जो सार्वजनिक उत्सव कॅथलिक देशांत रूढ झाला, त्याला कार्निव्हाल म्हणतात. पोर्तुगीज सत्तेबरोबर तो गोव्यात आला, तेथील खेड्यापाड्यांत इंत्रुज या नावाने रुजला आणि गोवा मुक्त झाल्यानंतर 1965 मध्ये तिमोतेओ फर्नांडिस यांच्या पुढाकाराने पणजीत मोमो राजाच्या मिरवणुकीच्या रूपाने पुन्हा उभा राहिला. शनिवारी सुरू होऊन मंगळवारी संपणारा हा चार दिवसांचा सोहळा शनिवार-रविवारच्या सुट्टीत नेमका बसतो, आणि कोकण रेल्वेच्या बऱ्याच गाड्या ठाण्याला थांबत असल्याने ठाणे-डोंबिवलीकडच्या तरुण मंडळींना तो हाताशी असल्यासारखा वाटतो. असे असूनही मित्रमैत्रिणींच्या गटाने दोन दिवस हिंडून पाहावा असा कार्निव्हालच्या तोडीचा एक रस्त्यावरचा उत्सव खुद्द ठाणे-कल्याण पट्ट्यात होतो, हे पट्ट्याबाहेरच्या प्रवाशांच्या फारसे ध्यानात येत नाही. तो उत्सव म्हणजे गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा होय.

गोव्याचा कार्निव्हाल ईस्टरच्या गणिताला बांधलेला असल्यामुळे त्याचा वार ठरलेला असतो, तारीख तेवढी सरकते. पाडवा मात्र चैत्र शुद्ध प्रतिपदेला येत असल्याने त्याची तारीखही सरकते आणि वारही. परिणामी सुट्टीचे दोन दिवस आणि पाडवा यांचा मेळ दरवर्षी बसत नाही. 2018 मध्ये पाडवा रविवारी आला, 2019 व 2022 मध्ये शनिवारी, आणि 2025 मध्ये पुन्हा रविवारी, 30 मार्चला. त्या वर्षी शनिवारी फाल्गुन अमावास्या आणि रविवारी शके 1947, विश्वावसुनाम संवत्सराचा आरंभ असा योग होता, आणि प्रवासाच्या दृष्टीने हाच योग सर्वांत सोयीचा असतो: अमावास्येची संध्याकाळ ठाण्यात, पाडव्याची सकाळ डोंबिवलीत आणि दुपारनंतरचा वेळ कल्याणात. यात्रा तिन्ही शहरांत एकाच सकाळी, जवळपास एकाच वेळी निघत असल्यामुळे तिन्ही पाहण्याचा अट्टहास केला, तर गाड्या बदलण्यातच सकाळ जाते आणि एकही धड पाहून होत नाही. म्हणून ठाण्याची पूर्वतयारी पाहावी आणि मिरवणूक डोंबिवलीची पाहावी, हीच वाटणी शहाणपणाची ठरते.

ठाणे हे शिलाहारांच्या काळात श्रीस्थानक या नावाने राजधानीचे नगर होते. पुढे दोनशे वर्षे ते पोर्तुगीजांच्या ताब्यात राहिले, 1737 मध्ये मराठ्यांनी ते जिंकले, आणि 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी सुमारे 34 किलोमीटर धावून येथेच येऊन थांबली. स्थानकाच्या पश्चिमेला उतरून बाजारपेठेतून पायी निघाले, की थोड्याच वेळात जांभळी नाका आणि त्यालगतचे कौपिनेश्वर मंदिर लागते. शहराचे ग्रामदैवत असलेल्या या शिवमंदिराची उभारणी सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी 1760 च्या सुमारास केली. मंदिरासमोर मासुंदा तलाव, ठाणेकरांच्या बोलीत तलावपाळी, पसरलेला आहे. याच तलावाच्या परिसरात पोर्तुगीज काळापासून चालत आलेले संत जॉन बाप्तिस्ता यांच्या नावाचे चर्च आणि 1978 मध्ये सुरू झालेले गडकरी रंगायतन आहे. ज्या शहरात राखेचा बुधवार आणि चैत्र प्रतिपदा या दोन्ही तिथी शतकानुशतके एकाच पाण्याच्या आसपास पाळल्या गेल्या, तेथे कार्निव्हालची आठवण काढणे ओढूनताणून केलेले वाटू नये.

पाडव्याच्या आदल्या दुपारी जांभळी नाक्याचा बाजार हाच एक उत्सव असतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेळूच्या काठ्यांचे भारे उभे करून ठेवलेले असतात, कडुलिंबाच्या डहाळ्यांचे ढीग गोणपाटावर पाणी मारून ताजे राखलेले असतात, आणि पांढऱ्या, पिवळ्या व गुलाबी साखरेच्या गाठी दोऱ्यांवरून लोंबत असतात. गाठी म्हणजे साखरेचा पाक साच्यात ओतून व मध्ये दोरा घालून केलेली पदकांची माळ. ती गुढीला चढवतात आणि नंतर घरातल्या मुलांच्या वाट्याला येते. या बाजारात अलीकडच्या वर्षांत एका मालाची भर पडली आहे, आणि शहर कसे बदलले ते त्यावरून सहज कळते: वीतभर ते हातभर उंचीची तयार गुढी, तिला जरीचा तुकडा, इवलासा तांब्या, कापडी फुले आणि खाली लाकडी बैठक. वाडे गेले, गच्च्या सोसायटीच्या झाल्या, खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसल्या, तेव्हा पाच हातांची काठी उभारायची कोठे हा प्रश्न प्रत्येक सदनिकेपुढे उभा राहिला आणि बाजाराने त्याचे उत्तर वीतभर उंचीत दिले. जुन्या वळणाची माणसे नाके मुरडतात, पण खरेदी करतात.

ठाण्याच्या यात्रेचे आयोजन श्री कौपिनेश्वर सांस्कृतिक न्यास करतो. पूर्वसंध्येला तलावपाळीवर दीपोत्सव होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कौपिनेश्वराची पालखी मंदिरातून निघून जुन्या शहराला वळसा घालते. गोखले रोड आणि राम मारुती रोड हे तिच्या वाटेवरील सर्वांत गजबजलेले टप्पे. संध्याकाळी येणाऱ्या प्रवाशाने मात्र पालखीपेक्षा रांगोळीकडे लक्ष द्यावे, कारण ती करताना पाहण्याची संधी याच वेळी मिळते. घराच्या उंबऱ्याशी चिमटीने घातल्या जाणाऱ्या ठिपक्यांच्या रांगोळीहून ही मोठ्या आकाराची रांगोळी निराळी असते. या भागात तिला सर्रास ‘संस्कार भारतीची रांगोळी’ म्हणतात, कारण या संस्थेने तिची पद्धत आणि चिन्हे गावोगावी शिबिरे घेऊन शिकवली. आधी जमीन झाडून, पाणी मारून कोरडी होऊ देतात. मग खडू व दोरीने वर्तुळे आखून घेतात आणि चाळणीतून रंग भुरभुरवून एकसारखा गालिचा तयार करतात. त्यावर पांढऱ्या रांगोळीच्या जाड रेघा ओढल्या जातात, त्या चिमटीने नव्हे, तर मूठभर रांगोळी घेऊन बोटांच्या फटींतून एका लयीत सोडत. हात थांबला की रेघेला गाठ पडते आणि घाई झाली की रेघ तुटते. त्यामुळे शिकाऊ मुलींना पहिली एक-दोन वर्षे रंग चाळण्याचेच काम मिळते आणि रेघा ओढण्याचा मान अनुभवी हातांकडे राहतो. गावदेवी मैदानात पाडव्याच्या सुमारास काढल्या जाणाऱ्या महारांगोळ्या पाहायला तर दिवसभर रीघ लागते.

ढोल-ताशा पथकांच्या सरावाचाही हा अखेरचा दिवस असतो. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहानंतर वाद्ये वाजवता येत नसल्याने पथके दिवस कलताच मोकळ्या मैदानांत किंवा पुलाखालच्या जागेत जमतात. गणेशोत्सवातील पुण्याची पथके ही या साऱ्यांची मूळ पीठिका. शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींची शिस्तबद्ध पथके ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांनी तेथे घडवली आणि ती रीत पुढे मुंबई-ठाण्याकडे आली. ढोल कमरेला बांधून त्याच्या एका तोंडावर हाताची थाप आणि दुसऱ्यावर टिपरू चालवतात. ताशा गळ्यात अडकवून दोन बारीक काड्यांनी वाजवतात, आणि त्याच्या सलग, थरथरत्या घोळाला तर्री म्हणतात. ठेक्याच्या प्रत्येक ठरीव रचनेला पथकाच्या भाषेत ‘हात’ असे नाव आहे, आणि पुढचा हात कोणता हे पथकप्रमुख शिट्टी व बोटांच्या खुणांनी सांगतो, कारण त्या आवाजात तोंडी सूचना ऐकू जाणे शक्य नसते. वादकांच्या बोटांना गुंडाळलेल्या चिकटपट्ट्या जवळून पाहिल्या, की हा खेळ दिसतो तितका सोपा नाही हे कळते. त्या न लावता वाजवणाऱ्याची कातडी पहिल्या तासाभरातच सोलवटते, आणि यात्रा तर तीन-चार तास चालते.

रात्रीचा मुक्काम डोंबिवलीत असावा. ठाण्याहून डोंबिवली सुमारे 14 किलोमीटर, आणि सुट्टीच्या दिवशी मध्य रेल्वे मार्गावर देखभालीसाठी मेगाब्लॉक घेतला जातो. पाडवा रविवारी आला असेल, तर वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहून ठेवावे, आणि शक्यतो शनिवारी रात्रीच गाडी धरून मोकळे व्हावे. डोंबिवलीत हॉटेलांची रेलचेल नाही. हे राहायचे गाव आहे, उतरायचे नव्हे. त्यामुळे गटात कोणाचे नातेवाईक किंवा वर्गमित्र तेथे राहत असले, तर त्यांच्याकडेच पथारी टाकण्याची पद्धत आहे. तशी ओळख मुंबई-पुण्याच्या बहुतेक मराठी माणसांना निघतेच.

डोंबिवलीविषयी दोन शब्द येथेच सांगितले पाहिजेत, कारण ही यात्रा याच गावात का सुरू झाली याचे उत्तर गावाच्या घडणीत आहे. शेती आणि मासेमारी करणाऱ्या आगरी-कोळी वस्त्यांच्या शेजारी, रेल्वेच्या आधाराने, मुंबईत जागा न परवडणाऱ्या नोकरदार मराठी कुटुंबांची वसाहत येथे वाढत गेली. 1983 मध्ये कल्याण महापालिकेत तिचा समावेश झाला, आणि 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. या गावाने पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक आपले म्हणून मिरवले, वाचनालये, व्याख्यानमाला आणि गायनवर्ग चालवले, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले. तरीही मुंबईकरांच्या बोलण्यात डोंबिवली म्हणजे गर्दीची लोकल आणि त्या लोकलवरचे विनोद. सकाळी अंधारात घर सोडायचे आणि रात्री अंधारात परतायचे, असे ज्यांचे आयुष्य, त्यांना आपलेच रस्ते दिवसाउजेडी पायांनी चालायला मिळत नाहीत. या उणिवेवर स्वागतयात्रेने बोट ठेवले, आणि तिचे यश धार्मिक उत्साहाइतकेच या कारणातही शोधले पाहिजे.

यात्रेची सुरुवात 1990 च्या दशकाच्या अखेरीस झाली. फडके रोडजवळचे श्री गणेश मंदिर संस्थान हे तिचे यजमान, आणि माजी नगराध्यक्ष आबासाहेब पटवारी यांचे नाव तिच्या मूळ कल्पनेशी जोडले जाते. 31 डिसेंबरच्या मध्यरात्री नववर्ष साजरे करण्याची चाल तरुणांत पसरत असताना, आपल्या पंचांगातील वर्षारंभही तितक्याच थाटाने पण दिवसाच्या उजेडात आणि घरच्या सर्व पिढ्यांसह साजरा व्हावा, असा त्यामागचा विचार होता. युक्ती अशी, की मंदिराने स्वतःची मिरवणूक काढण्याऐवजी गावातल्या शाळा, ज्ञातिसंस्था, क्रीडामंडळे, वाचनालये, डॉक्टरांच्या संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ आणि इतर भाषकांची मंडळे या सर्वांना आपापला चित्ररथ किंवा तुकडी घेऊन एका पालखीमागे चालण्याचे आवाहन केले. एकदा संस्था आली की तिचे सभासद येतात, सभासदांची कुटुंबे येतात, आणि मग प्रेक्षक कोण उरतो, असा प्रश्न पडू लागतो. ठाणे, गिरगाव, विलेपार्ले, नाशिक अशा ठिकाणी आज ज्या स्वागतयात्रा निघतात, त्या थोड्याफार फरकाने याच साच्यावर उभ्या आहेत.

पाडव्याच्या दिवशी उजाडण्यापूर्वीच गावाला जाग आलेली असते. मंदिरात पूजा आणि गुढी उभारण्याचा विधी होतो, नव्या संवत्सराचे पंचांग वाचले जाते, आणि गणपतीची पालखी यात्रेच्या आरंभस्थानी जाते. पश्चिमेकडील भागशाळा मैदानाजवळून निघून रेल्वेमार्ग ओलांडत पूर्वेला येणे आणि फडके रोडवर मंदिराजवळच्या अप्पा दातार चौकात विसर्जित होणे, असा यात्रेचा सर्वसाधारण मार्ग असतो. रुळांच्या दोन बाजूंना वसलेल्या आणि एरवी एकमेकींकडे पाठ करून राहणाऱ्या दोन डोंबिवली या मार्गामुळे वर्षातून एकदा जोडल्या जातात. पाहणाऱ्यांनी सात वाजण्याच्या आत फडके रोड गाठावा. स्थानकाच्या पूर्वेकडील जिना उतरल्यावर हा रस्ता पाच मिनिटांच्या अंतरावर आहे, पण सव्वासातनंतर तेवढेच अंतर कापायला अर्धा तासही पुरत नाही.

यात्रेत सर्वांत पुढे ध्वजधारी आणि सनई-चौघडा, त्यामागे पालखी, मग लेझीम खेळणारी शाळकरी मुले, आणि त्यानंतर ढोल-ताशांची पथके व चित्ररथ एकाआड एक, असा क्रम बहुधा असतो. चित्ररथ म्हणजे ट्रक किंवा टेम्पोवर उभारलेला देखावा. विषय शिवराज्याभिषेकापासून पाणीबचतीपर्यंत आणि संतपरंपरेपासून अवकाशयानापर्यंत कोणताही असू शकतो. त्यांपैकी काही रथ कल्पक असतात. पुष्कळसे शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पातळीवर राहतात, आणि त्यात गैर काही नाही, कारण ते स्नेहसंमेलनच असते. टेम्पोवर उभ्या असलेल्या, भुवईपर्यंत फेटा घसरलेल्या छोट्या शिवाजीला खालून त्याची आई पाण्याची बाटली पुढे करते, तो तलवार काखेत धरून पाणी पितो आणि पुन्हा करारी चेहरा करून उभा राहतो. हे दृश्य दर दोन-तीन रथांमागे कोणत्या ना कोणत्या रूपात दिसतेच. नऊवारी नेसून, नथ घालून, डोक्याला फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या स्त्रियांच्या तुकडीवर छायाचित्रकारांची झुंबड उडते, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत पहिल्या पानावर हमखास तिचेच छायाचित्र असते. हौशी सायकलस्वारांचे गट, वृक्षारोपण करणारी मंडळे, रक्तदानाचा प्रचार करणारे कार्यकर्ते यांना ते भाग्य लाभत नाही.

फडके रोडचे स्वतःचे असे एक वेगळे माहात्म्य आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून नवे कपडे घातलेली तरुणाई याच रस्त्यावर जमते, तेथे जुने वर्गमित्र भेटतात, आणि कित्येक लग्नांची सुरुवात येथून झाल्याचे डोंबिवलीकर मिश्कीलपणे सांगतात. पाडव्याच्या सकाळी हीच रीत जरा वयाने वाढलेल्या गर्दीत दिसते. परदेशी स्थायिक झालेले सुट्टी जुळवून येतात, लग्न होऊन बदलापूर किंवा ठाण्याला गेलेल्या मुली माहेरी येतात, आणि यात्रा पाहायची म्हणून बाहेर पडलेला गट शंभर पावलांत चार ठिकाणी थांबतो. मित्रमंडळींच्या सहलीला यापरते सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही, कारण गटातल्या एकाची ओळख निघाली की साऱ्यांची सोय होते. कोणाच्या तरी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून अख्खी यात्रा नीट दिसते, आणि चहाबरोबर कडुलिंबाची चटणीही पुढे येते. कोवळी पाने व फुलोरा, गूळ, चिंच, जिरे, ओवा, हिंग आणि मीठ एकत्र वाटून केलेली ही चटणी सुपारीएवढीच खायची असते. पाहुण्यांनी ती नाकारू नये, आणि दुसऱ्यांदा मागण्याचे धाडसही करू नये.

रशियन साहित्यमीमांसक मिखाईल बाख्तिन यांचा राब्ले या फ्रेंच लेखकावरील ग्रंथ, पणजीत मोमो राजा अवतरला त्याच 1965 सालात, मॉस्कोत प्रसिद्ध झाला. कार्निव्हालमध्ये रंगमंच आणि प्रेक्षागृह अशी विभागणी नसते, तेथे लोक तमाशा पाहत नाहीत तर तो जगतात, आणि त्या काळापुरती समाजातील उतरंड उलटीपालटी होते, असे विवेचन त्यांनी त्यात केले आहे. यातील पहिली दोन लक्षणे डोंबिवलीच्या यात्रेला पूर्णपणे लागू पडतात. तिसरे लक्षण मात्र मुळीच लागू पडत नाही. येथे उतरंड उलटत नाही. उलट ती स्वच्छ इस्त्री करून मिरवते. ज्येष्ठ पुढे असतात, रांगा सरळ असतात, घोषणा छापील असतात, आणि रथ पुढे सरकल्यावर मागे पडलेला कचरा उचलणारे स्वयंसेवकही असतात. मुखवटे नाहीत, मद्य नाही, राजाची टिंगल नाही. हा कार्निव्हाल मध्यमवर्गाच्या सभ्यतेचा आहे, आणि ही सभ्यताच येथे नटूनथटून रस्त्यावर उतरते.

याचा अर्थ मराठी पंचांगात उलथापालथीला जागाच नाही असा नव्हे. ती जागा पाडव्याच्या बरोबर पंधरवडाभर आधी, फाल्गुनी पौर्णिमेच्या शिमग्यात आहे. सोंगे काढणे, बोंबा मारणे, एरवी तोंडातून न निघणारे शब्द त्या दिवसापुरते बिनदिक्कत उच्चारणे आणि प्रतिष्ठितांना रंगाने माखणे या साऱ्याला शिमग्यात परंपरेनेच परवाना दिलेला आहे. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात आणि डोंबिवलीभोवतीच्या आगरी गावांत होळी आजही मोठ्या हौसेने साजरी होते. गोव्याच्या कार्निव्हालचा खरा भाऊबंद शोधायचा तर तो तेथे शोधावा. पाडव्याची यात्रा शिमग्यानंतर आंघोळ करून आलेली आहे, आणि ती त्या जुन्या मोकळेपणाला मुकलेली आहे, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नाही. शिवाय सभ्यतेच्या या प्रदर्शनाला शिस्तीची दुसरी बाजूही आहे: निवडणुकीच्या वर्षी रस्त्याकडेच्या शुभेच्छाफलकांवर देवापेक्षा इच्छुकांचे चेहरे मोठे होतात, काही रथांवरील संदेश स्वागतापेक्षा इशाऱ्यासारखे वाचले जातात, आणि गावातील ज्या वस्त्या या पंचांगाशी नाते सांगत नाहीत, त्या त्या सकाळी फडके रोडवर फारशा दिसत नाहीत. ढोलांची संख्या हा प्रतिष्ठेचा विषय झाल्यापासून, निवासी भागासाठी दिवसाची 55 डेसिबलची मर्यादा कागदावर आहे, याचाही सर्वांना विसर पडला आहे. तान्ही बाळे आणि हृदयविकाराचे रुग्ण घरात असलेल्या कुटुंबांनी यावर तक्रार केली, तर ती अरसिकपणाची म्हणून उडवून लावू नये.

ही यात्रा गावाच्या किती अंगवळणी पडली आहे, ते तिच्या खंडावरून उमगले. 25 मार्च 2020 रोजी पाडवा होता आणि तोच देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस ठरला; गुढ्या खिडक्यांत उभ्या राहिल्या, पण रस्ते ओस पडले. 2021 सालीही साथीच्या दुसऱ्या लाटेमुळे मिरवणुका निघाल्या नाहीत. 2022 मध्ये राज्य सरकारने पाडव्याच्या तोंडावर निर्बंध उठवले आणि 2 एप्रिलच्या शनिवारी तयारीला जेमतेम दोन दिवस मिळालेले असूनही यात्रा निघाल्या.

दहाच्या सुमारास ऊन चढते आणि यात्रेचे शेपूट फडके रोडवर पोहोचेपर्यंत गर्दी उपाहारगृहांकडे वळते. मार्चअखेरच्या उकाड्यात नऊवारी आणि फेटा यांचे काय होते ते अनुभवी मंडळींना ठाऊक असल्याने ती साडेनवालाच पातळ ताक गाठतात. गटाने येथे फार न रेंगाळता कल्याणची लोकल पकडावी. प्रवास पंधरा मिनिटांच्या आतला आहे, आणि ठाण्यापर्यंत आलेला लोहमार्ग 1854 च्या मे महिन्यात कल्याणपर्यंत वाढवला गेला, तेव्हापासून हे शहर रेल्वेच्या नकाशावर आहे. कल्याण संस्कृती मंचाच्या पुढाकाराने निघणारी तेथील यात्रा तोवर संपत आलेली असते. तिच्या मागे राहिलेल्या रांगोळ्या, उतरवलेले रथ आणि सावलीत बसून ढोल सैल करणारी पथके तेवढी भेटतात. मिरवणूक हुकली म्हणून कल्याण टाळण्याचे कारण नाही. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर खाडीकाठी आरमाराची उभारणी सुरू केली, तेथील दुर्गाडी किल्ला रिक्षाने सहज गाठता येतो. किल्ल्याचे अवशेष थोडे आहेत, पण टेकडीवरून दिसणारा उल्हास नदीच्या खाडीचा वळसा पाहिला, की बंदर म्हणून ही जागा का निवडली गेली ते नकाशाशिवाय समजते. परतताना घराच्या खिडकीतून विकला जात असे म्हणून ‘खिडकी वडा’ हे नाव मिळालेला कल्याणचा वडा खावा. सणाच्या दिवशी दुकान उघडे असेलच असे गृहीत न धरता आधी चौकशी केलेली बरी. दुपारचे श्रीखंड-पुरीचे जेवण मात्र घरचेच असावे. त्या दिवशी बाहेर मिळणारे श्रीखंड गोड तेवढे असते.

पुण्याकडून येणाऱ्यांना कल्याणहूनच परतीच्या बऱ्याच गाड्या मिळतात, आणि मुंबईकरांना संध्याकाळच्या लोकल सुट्टीमुळे बऱ्यापैकी रिकाम्या मिळतात. पाडव्यासाठी निराळे आरक्षण, तिकीट किंवा प्रवेशपत्र लागत नाही. लागतात ती मजबूत चपला, पाण्याची बाटली आणि लवकर उठण्याची तयारी. 2026 मध्ये पाडवा 19 मार्चला, गुरुवारी येतो, तेव्हा शुक्रवारची रजा काढल्यास चार दिवसांची सलग सुट्टी साधते. ठाणे की डोंबिवली असा प्रश्न पडलाच, तर रांगोळी, बाजार आणि तलाव यांसाठी ठाणे निवडावे. पण आयुष्यात एकदाच यात्रा पाहायची असेल, तर ती डोंबिवलीची पाहावी, आणि फुटपाथवर उभे न राहता कोणत्यातरी तुकडीमागे चालत पाहावी.